जिन्यावरचा डबा

मीनाबाईंच्या घराचा जिना बाहेरच्या अंगाने होता. गणपतराव एस.टी.त कंडक्टर होते तेव्हा त्यांनी कोल्हापुरात सागरमाळावर हे घर बांधलं, आणि एकुलत्या एका लेकीच्या, निशाच्या लग्नात पाहुणे उतरवायला म्हणून वर दोन खोल्या चढवल्या. पाहुणे आले, जेवले, गेले. निशा पेठ वडगावला नांदायला गेली. पुढे गणपतरावांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मग वरच्या खोल्यांत मीनाबाई फक्त पापड वाळत घालायला जाऊ लागल्या. वर गेल्या की भिंतीला पाठ लावून जरा टेकायच्या. तेवढ्यात खालून हाक यायची, "मीनेऽ!" की पदर सावरून उठायच्या.

सत्त्याण्णव सालच्या जूनमध्ये त्या खोल्यांत एक अमेरिकेचं जोडपं राहायला आलं. ग्लेन आणि कॅरल. दोघंही साठीला आलेली, तिकडच्या मक्याच्या मुलखातली, जन्मभर शाळेत शिकवलेली. आता दोन वर्षांसाठी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवणार होती. मीनाबाईंचे जावई अतुल त्या कॉलेजच्या ऑफिसात होते. खोल्या त्यांनीच दाखवल्या.

त्या दिवशी निशाही आली होती. बी.ए. झालेली, अडखळत का होईना इंग्रजी बोलणारी निशा म्हणजे त्या घराचा दुभाषी. मीनाबाईंनी थालीपीठं आणि लोण्याचा गोळा स्टीलच्या डब्यात भरून तिच्या हाती वर धाडला. कॅरलबाईंनी दोन्ही हातांनी डबा घेतला, आणि तुमच्याकडे कसं वागायचं ते सांग, आमच्या हातून चूक नको व्हायला, असं म्हणाल्या. निशाला हुरूप आला. तिने सांगितलं, चपला दाराबाहेर काढायच्या. देणंघेणं उजव्या हाताने. आणि शेजारचं भांडं परत करताना रिकामं द्यायचं नाही.

एवढंच सांगितलं. त्यापुढेही काही सांगायचं राहिलंय हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. ते कुणी कुणाला सांगत नसतं, बघून बघून कळतं.

दुसऱ्या दिवशी डबा खाली आला. आत उकडलेल्या बटाट्यांचं काहीतरी पांढरं, आंबटगोड. गणपतराव बाहेरच्या खोलीत खिडकीशी कॉटवर असत. त्यांनी डाव्या हाताने चमचा तोंडात घातला आणि तसाच धरून ठेवला.

"ह्ये काय?"

"वरच्यांनी धाडलंय. अमेरिकेचं हाय."

"मीठ?"

"न्हाय वाटतं."

"मग अमेरिकेलाच धाड."

मीनाबाईंनी ते कसंबसं संपवलं. परक्या मुलखात आलेली बाई, पहिल्याच दिवशी चुलीपाशी उभी राहून आपल्यासाठी रांधते. आता आपण गप्प बसायचं? त्यांनी डबा घासला, त्यात मटकीची उसळ घातली, बाजूला दोन भाकरी बांधल्या आणि जिना चढल्या.

तिथून तो डबा थांबलाच नाही.

खालून आंबोळ्या गेल्या की वरून मक्याच्या पिठाचा पिवळा पाव यायचा. खालून पांढरा रस्सा, वरून कुकरात वाळू घालून भाजलेला केक. तो केक मधे कच्चा आणि कडेला करपलेला असायचा. शेजारच्या शालूबाई कंपाउंडच्या भिंतीवरून डोकावत.

"काय गं मीने, आज अमेरिकेनं काय धाडलं?"

"पाव हाय. गोड."

"तुझं नशीब बाई. आमच्या दारात कुत्रं बी तोंडात काय धरून येत न्हाय."

"घेता काय निम्मा?"

"नगं. मागं घेतलतं, म्हशीनं बी हुंगून सोडलं." मग आवाज खाली आणून म्हणायच्या, "आगं, बंद कर की तू धाडायचं. तुझा चेहरा बघ. उतरलाय पार."

"कसं बंद करू? त्या धाडत्यात. घरी आल्यालं अन्न, त्याला तोंड फिरवू?"

मीनाबाईंचा दिवस पाण्याच्या आधी सुरू व्हायचा. नळ आला की पिंपं भरायची. मग गणपतरावांचं तोंड धुणं, दाढी, अंग पुसणं, कूस पालटणं, पाठीला तेल. नाचणीची पेज गार करून चमच्याचमच्याने. त्यांना कुणी दुसरं चालत नसे. निशाने बनाबाई नावाची एक बाई ठेवून पाहिली होती. ती चांगली होती, पण गणपतराव काही बोलले की "व्हय आबा, व्हय आबा" म्हणायची, न कळताच. त्यांनी डाव्या हाताने पाण्याचा पेला फेकला. उभा जन्म गर्दीतून ओरडून माणसं पुढे सरकवलेला माणूस, त्याला ते खोटं 'व्हय' सोसेना. बनाबाई गेली. मीनाबाई नजरेआड झाल्या की हाक ठरलेली. दुपारी त्या सतरंजीवर आडव्या झाल्या, की डोळा लागतोय न लागतोय तोच, "मीनेऽ!" कधी पाणी हवं असे, कधी उशी. कधी नुसतं, आहेस का.

आणि त्यातून वेळ काढून वरच्यांचा डबा.

वरच्यांचंही काही सुखात चाललं नव्हतं. गणपतरावांच्या खिडकीतून जिना दिसायचा आणि जिन्यावरून त्या दोघांचा दिवस वाचता यायचा. सकाळी निघताना ताठ असायचे, संध्याकाळी परतताना खांदे पडलेले. अतुल सांगत, वर्गात पोरं गच्च भरतात, मागे उभीसुद्धा राहतात, पण ग्लेनसरांनी काही विचारलं की सगळे खाली बघतात. शेवटी एकजण धीर करून उठतो आणि विचारतो, सर, हे परीक्षेला येणार का? रविवारी दोघं कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन लेकीला फोन करत. येताना कॅरलबाईंचे डोळे लाल असत. पहिल्या महिन्यात त्यांना वाटलं होतं की गल्लीत रोज भांडणं होतात. पुढे कळलं की लोक एकमेकांना चहाला बोलावतात.

सगळ्यात जास्त त्यांना दमवलं ते मानाने. पिठाची गिरणी निघाली, फीत कापायला ग्लेनसर. शाळेचं गॅदरिंग, व्यासपीठावर ग्लेनसर आणि मॅडम. फेटा, शाल, नारळ, दोन शब्द. फेट्याखाली ग्लेनसरांचं कपाळ लालबुंद व्हायचं. वर्ष होत आलं तरी दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते पावणंच. एकदा पावसात समोरचं गटार तुंबलं तेव्हा ग्लेनसर फावडं घेऊन खाली उतरले. सगळी गल्ली धावली. "आवं पावणं, तुमी सोडा! बसा तुमी, बसा!" कुणी हातातून फावडं काढून घेतलं, कुणी खुर्ची आणली. गटारापाशी, भर पावसात, छत्री धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. मीनाबाईंनी ते दारातून पाहिलं. बसलेल्या माणसाचा चेहरा उभ्या असलेल्यांपेक्षा थकलेला होता. असं का, ते त्यांना त्या दिवशी उमगलं नाही.

फेब्रुवारीत मीनाबाई मोरीत पडल्या. कपडे पिळता पिळता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या भिंतीला घसरून खाली बसल्या. आतून हाक चालूच होती, "मीनेऽ, मीनेऽ", आणि त्यांना उत्तर देता येईना. शालूबाईंनी आवाज ऐकला म्हणून बरं. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, गोळ्या दिल्या. "काकी, गोळीनं निम्मं काम होतंय. निम्मं झोपेनं. दुपारी पाठ टेकायची, रोज. न्हाईतर काकांच्या शेजारी दुसरी कॉट घालायला लागंल," ते म्हणाले.

निशा वडगावहून धावत आली. तिने आधी आईला रागावून घेतलं, मग रडून घेतलं, आणि मग निर्णय सांगितला.

"घराला कुलूप लावायचं. तुम्ही दोघं वडगावला चला. माडीवरची खोली मोकळी हाय."

"लेकीच्या घरात जाऊन पडायचं व्हय आता?"

"मग काय करणारेस? मोरीत पडणारेस?"

"तुझी सासू काय म्हणंल?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे. आई, तू झोपत न्हाईस. बाबा दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत न्हाईत. तूच सांग, दुपारी त्यांच्यापाशी कोण बसणार?"

मीनाबाईंनी भिंतीकडे पाहिलं. ही भिंत त्यांनी स्वतः पाणी मारून भिजवलेली. गणपतराव गारगोटीच्या गाडीवर असायचे, गवंडी मीनाबाईंच्या जिवावर. लेकीच्या सासरी आपण माडीवर, खाली तिची सासू, आणि गणपतरावांची हाक साऱ्या घरभर. पहिल्या दिवशी सगळे उठतील. आठव्या दिवशी एकमेकांकडे बघतील.

"मार्चअखेर जीप घेऊन येते," निशा म्हणाली. "सामान बांधून ठेव."

मीनाबाईंनी सामान बांधलं नाही. वरच्यांनाही काही सांगितलं नाही. डबा मात्र चालू राहिला. जायचंच आहे तर निदान शेवट कुणी नावं ठेवणार नाही असा व्हावा, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं.

मार्च संपत आला. ऊन पत्र्यांवर नुसतं तडतडत होतं. निशाने शेजारी फोन करून निरोप ठेवला, गुरुवारी दुपारी येते. त्या दुपारी गणपतरावांचा जरा डोळा लागल्यासारखा दिसला, तेव्हा मीनाबाई डबा घेऊन जिना चढल्या. आत धपाटे होते. आज सांगून टाकू, असं ठरवून त्या निघाल्या होत्या. मधल्या पायऱ्यांवर दोनदा थांबावं लागलं, इतकी धाप लागली.

दार उघडंच होतं. कॅरलबाई स्वयंपाकघरात फरशीवर बसल्या होत्या, पाय लांब करून, भिंतीला पाठ लावून. केस कपाळाला चिकटलेले. एका बाजूला तपासायच्या पेपरांचा गठ्ठा, दुसऱ्या बाजूला उघडा कुकर. त्यात केक करपून कोळसा झालेला. खोलीभर धूर आणि दालचिनीचा वास. मीनाबाईंना पाहून त्या उठायला गेल्या, पण उठल्या नाहीत. त्यांची नजर मीनाबाईंच्या हातातल्या भरल्या डब्यावर गेली आणि डोळ्यांत पाणीच आलं.

"नाही," त्या मराठीत म्हणाल्या. विद्यार्थ्यांकडून शिकलेलं त्यांचं मराठी सुटं सुटं होतं. "आज माझ्याकडे काही नाही. कालचा डबा... केक जळला. सॉरी."

"आवं, जळू दे की! कशाला करतासा?"

"डबा रिकामा नाही द्यायचा. निशा बोलली."

मीनाबाई दारातच उभ्या राहिल्या. मग त्यांनी धपाट्यांचा डबा ओट्यावर ठेवला. कालचा डबा तिथे घासून पालथा घातलेला होता. तो त्यांनी सरळ केला. फळीवरची साखरेची बरणी उघडली, चिमूटभर साखर डब्याच्या तळाशी टाकली, झाकण लावलं आणि कॅरलबाईंच्या पुढ्यात ठेवला.

"झालं."

कॅरलबाईंनी झाकण काढून आत पाहिलं. पुन्हा वर पाहिलं.

"एवढंच?"

"एवढंच की. साखर न्हाईतर चार दाणे तांदळाचे. न्हाईतर एक लिंबू. रिकामं नसलं की झालं."

"वर्षभर," कॅरलबाई म्हणाल्या. पुढचा शब्द त्यांना मराठीत सापडला नाही, आणि बहुधा इंग्रजीतही सापडला नसावा. त्या हसू लागल्या. हसता हसता चष्मा काढून पुसू लागल्या. मग एकदम थांबून म्हणाल्या, "मग तुम्ही? रोज? का?"

"तुमी धाडताय म्हणून की! तुमी रांधून धाडणार, आणि मी काय चिमूटभर साखर आणून देऊ?"

कॅरलबाईंना हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला, अगदी शालूबाईंसारखा. तो कुठे शिकल्या कोण जाणे. मीनाबाईंनाही हसू आलं, पण हसताना पुन्हा धाप लागली आणि त्या मटकन फरशीवर बसल्या. दोघी समोरासमोर बसून राहिल्या. मधे करपलेला कुकर.

आणि मग, हे बोलायचं असं काही ठरवलेलं नसताना, मीनाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"मी दमलोय हो बाई."

हे त्या निशाला बोलल्या नव्हत्या. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही, बरं हाय, असंच म्हणाल्या होत्या. पण या बाईला सगळं कळणार नाही, असा एक धीर होता. त्या बोलत राहिल्या. मोरीत पडल्या ते, जीप येणार ते, लेकीच्या घरची माडी, घराला कुलूप. "दुपारी पाठ टेकवा म्हणत्यात. मालकांपाशी कोण बसणार, हेच्यावर सगळं अडलंय बघा." कॅरलबाई एकेका शब्दामागे धावत होत्या. "कुलूप" त्यांना कळलं. "जीप" कळलं. मग त्यांनी बोट खाली, जमिनीकडे केलं.

"कोण बसणार? मी बसते."

"तुमी? आवं, तुमी पावणं माणूस..."

"पावणं नको," कॅरलबाई म्हणाल्या. आवाज चढला होता. पहिल्यांदाच त्या कोल्हापुरात राहिल्यासारख्या बोलल्या. "सगळे बोलतात, बसा, बसा. मला काम नाही. ग्लेनला काम नाही. फक्त नारळ! मी बसते खाली. तुम्ही झोपा इथे."

"त्यांचं बोलणं कुणाला कळत न्हाय हो."

"मला कुणाचंच कळत नाही," कॅरलबाई म्हणाल्या. "मला सवय आहे. मी परत विचारते."

खालून हाक आली. "मीनेऽ!"

मीनाबाईंचा हात सवयीने फरशीवर टेकला, उठण्यासाठी. कॅरलबाई त्यांच्याआधी उठल्या. मीनाबाईंच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि जरा दाबला. आजारी माणसाच्या किंवा लहान पोरीच्या खांद्यावर ठेवावा तसा. मग चपला न घालताच जिना उतरून गेल्या.

मीनाबाई बसून राहिल्या, ऐकत. खाली काहीतरी पडल्याचा आवाज झाला. पेला असणार. गणपतरावांचा चढलेला स्वर आला. त्यावर कॅरलबाईंचा शांत आवाज, "परत सांगा. हळू." पुन्हा त्यांचा स्वर. पुन्हा, "परत." शिकवणाऱ्या बाईचा तो आवाज होता. घाईत नसलेला. मीनाबाईंचा जीव कानांत आला. आणि गणपतरावांनी एकेक शब्द तोडून म्हटलं, "पा-णी." "पाणी," कॅरलबाई म्हणाल्या. माठावरचं झाकण वाजलं.

मीनाबाई उठून आतल्या खोलीत गेल्या. कॉटवर चौकटीची चादर होती. आधी त्या कडेला बसल्या, परक्याच्या अंथरुणावर बसावं तशा अवघडून. मग पाय वर घेतले. खालून अधूनमधून बोलणं येत होतं. गणपतराव गावांची नावं घेत होते, गारगोटीपासूनची, एकामागून एक, जुन्या गाडीचे थांबे. आणि दुसरा आवाज ती नावं चुकत चुकत त्यांच्यामागून म्हणत होता. एका नावाशी दोघं बराच वेळ अडकली. गणपतराव रागावले. पेला मात्र फेकला नाही.

त्यानंतरचं मीनाबाईंना ऐकू आलं नाही.

जाग आली ती जीपच्या आवाजाने. ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर लांबट पडलं होतं. आपण कुठे आहोत हे त्यांना कळेना. अंग असं जड झालेलं की बोट उचलावंसं वाटू नये. खाली फाटक करकरलं आणि निशाचा आवाज आला, घाबरा.

"बाबा! आई कुठं हाय? आणि तुम्ही... मॅडम, तुम्ही इथं?"

कॅरलबाई काही बोलल्या. मग गणपतरावांचा आवाज आला, जड, ओढलेला, पण प्रत्येक शब्द मोकळा करून.

"वर... झोपलीया. उठवू नगंस."

"झोपलीया? आई? आणि तुमच्यापाशी..."

"ही बाई बसलीया की. हिला... काय बी येत न्हाय. पर... खोटं व्हय म्हणत न्हाय."

निशाने हळू आवाजात इंग्रजीत काहीतरी विचारलं. कॅरलबाईंनी उत्तर दिलं, बरंच लांब, आणि शेवटी मराठीत, "रोज. कॉलेज सुटलं की. सुट्टीतसुद्धा." निशाने पुन्हा विचारलं. "रोज," कॅरलबाई म्हणाल्या.

जिन्यावर पावलं वाजली. मीनाबाईंनी ओळखलं, निशाचीच. उठायला हवं, दुपारभर झोपलेली आई लेकीने पाहू नये, असं त्यांच्या मनात आलं. पण मन पुढे गेलं आणि अंग मागेच राहिलं. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. मीनाबाईंनी डोळे मिटूनच ठेवले. दारातून कुणीतरी बराच वेळ बघत होतं. मग पावलं उतरली, चवड्यांवर, चोरासारखी.

"मामा," खाली निशा जीपवाल्याला सांगत होती, "जावा तुम्ही. सामान काय न्यायचं न्हाय."

"आज न्हाय तर उद्या येऊ?"

"न्हाय. नकाच येऊ."

जीप सुरू झाली, मागे गेली, वळली. तिचा आवाज सागरमाळाच्या चढावर विरत गेला. खाली कुणीतरी चहाचं आधण ठेवत होतं. गणपतराव साखरेबद्दल काहीतरी बजावत होते आणि दोन बायका एकदम उत्तर देत होत्या. आपल्याला उठायला हवं. चहा तरी आपण करायला हवा. मीनाबाई कुशीवर वळल्या. पुन्हा हाक आली असती तर त्या उठल्या असत्या. हाक आली नाही.